क्वीनबियन ते कूमा, १९५७: सिम्युलेटरमधल्या एका रेल्वेमार्गाच्या प्रकल्प नोंदी

९ मार्च २०२४

मार्ग ठरला. न्यू साउथ वेल्समधल्या बोम्बाला लाइनचा क्वीनबियन ते कूमा हा सुमारे ११० किलोमीटरचा टप्पा ट्रेन्झ या रेल्वे सिम्युलेटरमध्ये उभा करायचा. अख्खी लाइन गोल्बर्नजवळ जोप्पा जंक्शनला मुख्य मार्गापासून फुटते आणि थेट बोम्बालापर्यंत उतरते. ती सगळी एकदम हातात घेतली तर अर्धवट राहील, म्हणून मधला टप्पा.

रूळ क्वीनबियनला १८८७ मध्ये पोहोचले, त्याच वर्षी मिकेलेगोला, आणि कूमाला ३१ मे १८८९ रोजी. पुढे निमिटाबेलला जायला १९१२ उजाडलं आणि बोम्बालाला १९२१. १९८६ मध्ये कूमाच्या पुढची वाहतूक थांबली, १९८९ मध्ये क्वीनबियन ते कूमा मार्गही बंद झाला. बंद झाला म्हणजे उखडला असं मात्र नाही. कॅनबराहून मोनारो हायवेने दक्षिणेला निघालं की भराव, मोऱ्या, कुंपणात अडकलेले रूळ अजून दिसत राहतात. दर पावसात त्यातलं थोडं वाहून जातं, दर वणव्यात एखादा लाकडी पूल धोक्यात येतो. हा मार्ग आत्ताच टिपून ठेवायला हवा असं मला मनापासून वाटतं.

काळ ठरवणं मार्ग ठरवण्याइतकंच महत्त्वाचं. मी जुलै १९५७ धरला आहे. स्नोई माउंटन्स या जलविद्युत योजनेचं काम भरात आहे, वाफेची इंजिनं अजून रुळावर आहेत आणि डिझेल रेलकारही आली आहे. नियम एकच: जुलै १९५७ नंतर जन्मलेली कोणतीही वस्तू या मार्गावर राहणार नाही. झाड, कुंपण, फलक, डोंगराचा उतार, सगळ्यांना हा नियम लागू.

१६ मार्च

जमिनीचा पाया घातला. जिओसायन्स ऑस्ट्रेलियाच्या ‘एल्विस’ पोर्टलवरून लायडारची, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेली, एक मीटरची उंचीची माहिती मोफत मिळते. ती ट्रान्सडेम या सॉफ्टवेअरमधून ट्रेन्झच्या बेसबोर्डांवर, म्हणजे जमिनीच्या चौकोनी तुकड्यांवर, उतरवली. एक बेसबोर्ड ७२० मीटर बाय ७२० मीटर. नुसती सरळ रेघ मोजली तरी दीडशेहून जास्त लागतात, आणि लाइन तर मरम्बिजी नदीच्या खोऱ्यात वळणं घेत जाते, शिवाय दोन्ही बाजूंचे डोंगर क्षितिजापर्यंत हवेतच.

लायडारची कमाल अशी की बंद पडलेली लाइन त्यात स्पष्ट उठून येते. हवाई छायाचित्रात जिथे फक्त गवत दिसतं, तिथे उंचीच्या नकाशात भराव आणि कटिंग सुरीने कापल्यासारखं दिसतं. रुळाचा मध्य शोधायला जुने आराखडे कमी आणि हे जास्त उपयोगी पडलं.

असं काम करणाऱ्या कुणालाही सांगावंसं वाटतं: सगळी माहिती एकाच डेटममध्ये, म्हणजे नकाशाच्या अक्षांश-रेखांशांच्या एकाच संदर्भचौकटीत, आणून मगच सुरुवात करा. ऑस्ट्रेलियाची भूपट्टी दर वर्षी सुमारे सात सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते. त्यामुळे जीडीए९४ आणि जीडीए२०२० या दोन डेटममध्ये जवळपास १.८ मीटरचा फरक पडतो. नकाशा एका डेटमचा आणि लायडार दुसऱ्याचा घेतला तर रूळ भरावाच्या काठावर जाऊन बसतात. मी सगळं जीडीए२०२० मध्ये, एमजीए या नकाशा-जाळीच्या झोन ५५ वर ठेवलं आहे.

६ एप्रिल

आजचं काम पुसण्याचं. क्वीनबियन सोडल्यावर लाइन ज्या भागातून जाते तिथे आज ह्यूमची औद्योगिक वसाहत आहे. पश्चिमेला टगेरनाँगची उपनगरं आहेत, आणि ती १९७० च्या दशकात उभी राहायला लागली. १९५७ मध्ये इथे मेंढ्यांची कुरणं होती. लायडारला काळ कळत नाही. सपाट केलेले भूखंड, हायवेचे नवे भराव, पावसाच्या पाण्याचे तलाव, हे सगळं तो इमानाने घेऊन येतो.

नुसता ब्रश फिरवून जमीन गुळगुळीत केली असती तर काम लवकर आटोपलं असतं, पण तो उतार कुठलाच नसता. म्हणून लष्कराच्या जुन्या एक इंच म्हणजे एक मैल प्रमाणाच्या नकाशावरच्या समोच्च रेषा काढून घेतल्या आणि बिघडलेल्या भागापुरती जमीन त्यांच्यावरून नव्याने बसवली. ओढे जुन्या वाटांनी वाहायला लागले, एक टेकाड परत आलं. सावकाश होणारं काम आहे, पण या प्रकल्पात मला सर्वांत जास्त समाधान यातच मिळतंय.

याच पट्ट्यात रेल्वेच सीमारेषा झाली आहे. राजधानीसाठी जमीन देताना कूमाचा लोहमार्ग न्यू साउथ वेल्सकडेच राहावा असं ठरलं, आणि १९१० ते १९१५ दरम्यान झालेल्या मोजणीत संघीय प्रदेशाची पूर्व सीमा बरंच अंतर रेल्वेच्या जमिनीच्या कडेकडेने आखली गेली. म्हणजे रॉयलाच्या आसपास डब्याच्या एका खिडकीतून एक सरकार दिसतं आणि दुसऱ्या खिडकीतून दुसरं. सीमेच्या खुणा, दगडांचे ढीग आणि खाचा पाडलेली झाडं, मी वेगळ्या थरात ठेवतोय. चालकाला त्या दिसणारही नाहीत. तरी त्या हव्यात.

२७ एप्रिल

मिकेलेगो, कॉलिंटन, ब्रेडबो करून आलो. रुळांवर किंवा पुलांवर चढलो नाही. ती जमीन अजून सरकारी आहे आणि लाकूड कुजलं आहे. रस्ता जिथे लाइन ओलांडतो तिथून आणि स्थानकांच्या आवारातून जेवढं दिसतं तेवढं भरपूर आहे.

मिकेलेगोची स्थानक इमारत उभी आहे. फलाटाच्या कडेची वीट, छपराचा उतार, खिडक्यांची मापं, कुंडीपाशी साचलेला रंगाचा पापुद्रा, सगळ्याचे फोटो घेतले. रंग आजचा आहे, तो वापरणार नाही. पण पापुद्र्याखालचा थर कामाचा आहे.

एका कुरणाच्या मालकाने फाटक उघडून आत येऊ दिलं. वडिलांच्या वेळी मेंढ्या कुठल्या वाटेने सायडिंगला हाकत नेत, ते त्यांनी हात लांबवून दाखवलं. तो उतार नकाशात नुसता उतार आहे, आता मला तिथे मेंढ्यांची पायवाट काढता येईल.

४ मे

कॉलिंटनचा बोगदा झाला. बेसबोर्डला भोक पाडायचं, बोगद्याचा स्प्लाइन (हवा तसा लांबवता-वळवता येणारा तुकडा) घालायचा, दोन्ही तोंडं बसवायची. विटांचा पोत दुसऱ्या एका कामातून तयार होता.

१८ मे

आता पूल. ब्रेडबो नदीवरचा लाकडी पूल या मार्गाचा चेहरा आहे आणि तो तयार मिळणाऱ्या सामानातून होणार नाही. न्यू साउथ वेल्सच्या रेल्वेने शेकडो ठिकाणी एकाच प्रमाणित आराखड्यावर लाकडी पूल बांधले: साधारण २४ फुटांचे गाळे, जमिनीत ठोकलेले गोल खांब, त्यांच्या माथ्यावर आडवी डोकेतुळई, त्यावर आखूड टेकू-तुळया, मग लांब तुळया, स्लीपर, रूळ. लाकूड आयर्नबार्कसारखं जड आणि टणक. पोलाद इंग्लंडहून आणायचं तर खर्च मोठा, आणि इथे दर्जेदार लाकूड अफाट. म्हणून १९ व्या शतकाच्या अखेरीस ही लाइन टाकताना लाकडाला पर्याय नव्हता, आणि इथल्या अभियंत्यांनी त्याचं शास्त्र करून ठेवलं.

मी प्रत्येक गाळा स्वतंत्र बनवत नाहीये. एक गाळा, एक खांबांची रांग आणि नदीच्या पात्रातला भाग असे तुकडे ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केले. खांबांच्या रांगेची तीन रूपं ठेवली: उंच, मध्यम, बुटकी. लक्ष दिलं ते तिरप्या बांधपट्ट्यांकडे. दूरवरून पूल ओळखू येतो तो त्यांच्यामुळे. खांब वरून खाली किंचित फाकत जातात, बाहेरचे जास्त. हा फाकाव काढला की पूल टेबलासारखा ताठ दिसतो आणि सगळा जीव जातो.

रंगाचा प्रश्न मोठा होता. आज हे लाकूड करडं, चिरलेलं, अनेक ठिकाणी जळकं आहे. १९५७ मध्ये त्यावरून रोज गाड्या जात होत्या. देखभाल करणाऱ्या फेटलरांची टोळी, आपल्याकडचे गँगमन करतात तेच काम, कुजलेली तुळई काढून नवी घालत असे. म्हणजे एकाच पुलात लाकडाची वेगवेगळी वयं असणार: एखादी तुळई लालसर आणि ताजी, शेजारची राखाडी, रुळाखालचा मधला पट्टा तेल आणि राखेने काळा. तीन पोत केले आणि ते गाळ्यांवर क्रम न ठेवता वाटले. पूल पहिल्यांदाच वापरातला वाटला.

चकोलाजवळ न्यूमरेला नदीवरच्या पुलासाठी यातलेच तुकडे बऱ्यापैकी चालतील.

८ जून

झाडं. लायडारने जमिनीत जो घोळ घातला तोच आजचे फोटो झाडांत घालतात.

कूमाच्या परिसरात, विशेषतः बेरिडेल आणि जिंडाबाइनच्या बाजूला, रिबन गम हा निलगिरीच्या जातीचा वृक्ष मोठ्या प्रमाणावर वाळला आहे. सुमारे २,००० चौरस किलोमीटरवर पांढरे सांगाडे उभे आहेत. आज मोनारोचं, म्हणजे कूमाभोवतीच्या या पठारी प्रदेशाचं, चित्र काढायला बसणारा माणूस ते सांगाडे काढणारच. पण ही मर या शतकातली आहे. १९५७ मध्ये ती झाडं हिरवी होती, ओढ्यांच्या काठाने सालीच्या लांब पट्ट्या लोंबत होत्या. तशीच ती मी लावली. रस्त्याच्या दोन्ही कडांना आज माजलेलं आफ्रिकन लव्हग्रास हे तण तर पूर्ण वगळलं.

काय कमी लावायचं हेही इथे महत्त्वाचं. कूमाच्या भोवतीचं पठार बरंचसं झाडांशिवायचं आहे आणि ते सगळं माणसाने तोडलेलं नाही. बेसाल्टची जड काळी माती, पर्जन्यछाया, वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि खोलगटात साचणारी थंड हवा, यामुळे तिथे मुळातच गवताळ मैदान आहे. सिम्युलेटरमध्ये मोकळी जागा दिसली की झाडं पेरायचा हात शिवशिवतो. तो आवरला. चिवट पोआ गवताचे झुबके, एखाददुसरा स्नो गम, वाऱ्याला आडोसा म्हणून घराजवळ लावलेली पाइनची रांग, नदीकाठी पॉप्लर. बस्स.

गवताच्या दाटपणालाही इतिहास आहे. सशांनी ही कुरणं कुरतडून टाकली होती. १९५० मध्ये मिक्सोमॅटोसिस या सशांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू सोडल्यावर त्यांची संख्या कोसळली आणि कुरणं सावरली. त्यातच लोकरीला सोन्याचे दिवस आले होते. म्हणून १९५७ चं गवत मी १९४० च्या दशकातल्या फोटोंपेक्षा दाट ठेवलं आहे, आणि कुंपणं नवी, तारा ताणलेल्या.

२२ जून

प्रकाश लावला. आपल्याला सूर्य दक्षिणेकडून कलता पाहायची सवय असते, इथे तो उत्तरेकडून जातो. कूमा ३६ अंश दक्षिणेला. हिवाळ्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वर येतो. पुण्यात डिसेंबरातही तो ४८ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे जुलैत इथे दिवसभर सावल्या लांब राहतात, आणि कटिंगच्या सावलीत दडलेल्या दक्षिणाभिमुख उतारांवर दव गोठलेलं दुपारपर्यंत तसंच असतं.

हे नुसतं नजरेसाठी नाही. ओल्या, गोठलेल्या रुळावर इंजिनाची चाकं घसरतात. न्यू साउथ वेल्समध्ये त्या काळच्या मार्गांवर १:४० ची चढण सर्रास असे. सावलीतल्या कटिंगमध्ये घर्षण कमी धरलं तर चालकाला वाळू टाकावीच लागते. उन्हातल्या आणि सावलीतल्या रुळासाठी वेगळं घर्षण ठरवायचं सेशनच्या, म्हणजे मार्गावर गाडी चालवायच्या एका ठरावीक खेळाच्या, नियमांतून जमवतोय.

१३ जुलै

इंजिनं. मेल आणि प्रवासी गाड्यांसाठी ३२ वर्गाचं, ४-६-० चाकरचनेचं इंजिन. १८९२ पासून बांधलेली ही १९१ इंजिनं इतकी टिकाऊ निघाली की पन्नाशीत, साठीतही ती रोज गाड्या ओढत होती. मालगाड्यांवर आणि दुय्यम कामांवर मला ३०टी वर्ग हवाच. त्याची गोष्ट मला फार आवडते. १९२६ पासून सिडनीच्या उपनगरी गाड्या विजेवर जाऊ लागल्या आणि तिथली ३० वर्गाची टँक इंजिनं रिकामी झाली. ती भंगारात न काढता त्यातल्या ७७ इंजिनांच्या बाजूच्या टाक्या काढल्या, मागे कोळसा-पाण्याचा टेंडर जोडला आणि ती गावाकडच्या हलक्या रुळांवर पाठवली. शहराने वीज आणली आणि त्यातून ग्रामीण मार्गांना इंजिनं मिळाली. आजच्या नियोजकांनी शिकावी अशी काटकसर.

डीईबी या डिझेल रेलकारची कॅनबरा–मोनारो एक्स्प्रेस १९५५ पासून धावत होती, ती दुसऱ्या सेशनसाठी. ४८ वर्गाचं डिझेल इंजिन सगळ्यांच्या आवडीचं, पण पहिलं १९५९ चं. नियमाप्रमाणे बाहेर.

डब्यात एक वस्तू खास बनवली: पाय शेकायच्या लोखंडी पेट्या. त्यात सोडियम ॲसिटेट भरलेलं असे. मोठ्या स्थानकावर त्या उकळत्या पाण्यात तापवत आणि हिवाळ्यात प्रवाशांच्या पायांशी ठेवत. थंड पडायला लागली की पेटी हलवायची, आतलं रसायन पुन्हा गोठताना ऊब सोडायचं. रात्रभराच्या प्रवासात मोनारोच्या थंडीत याचं मोल काय असेल, हे इथे हिवाळा काढलेल्याला कळेल. क्वीनबियनच्या फलाटावर या पेट्यांची ढकलगाडी उभी केली आहे.

३ ऑगस्ट

कूमा. सगळ्यांत मोठं यार्ड, सगळ्यांत जास्त वेळ. स्थानकाची इमारत, इंजिन शेड, टर्नटेबल, पाण्याची टाकी, मालाचा धक्का, मेंढ्या चढवायचे कठडे. कठड्यांपाशी मेंढ्यांचे दुमजली जीएसव्ही डबे, बाकी ठिकाणी एस ट्रक म्हणजे चारचाकी उघडे मालडबे.

१८८९ ते १९४९ हे लोकर आणि जनावरांचं शांत यार्ड होतं. १७ ऑक्टोबर १९४९ ला अडामिनाबीत स्नोई माउंटन्स योजनेची सुरुवात झाली, कूमा तिचं मुख्यालय झालं आणि हे यार्ड एका रात्रीत अपुरं पडलं. सिमेंट, पोलाद, यंत्रं इथे उतरायची आणि पुढे रस्त्याने डोंगरात जायची. गावाबाहेर पोलो फ्लॅटला कार्यशाळा आणि गोदामं झाली, तिथपर्यंत सायडिंग गेलं. १९५७ मध्ये युकम्बीन धरणाचं काम चालू आहे, ते पुढच्या वर्षी पुरं होणार आहे. १९७४ पर्यंत चाललेल्या या योजनेवर ३० हून जास्त देशांतले एक लाखाहून अधिक लोक राबले, १२१ जणांचा कामावर मृत्यू झाला. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपातून निघालेल्या कितीतरी जणांनी पहिल्यांदा पाहिलेला मोनारो म्हणजे कूमाचा हा फलाट.

म्हणून फलाटावर गर्दी आहे. तयार मिळणाऱ्या माणसांच्या आकृत्या बहुतेक आजच्या कपड्यांतल्या असतात. जाड लोकरी कोट, टोप्या, दोरीने बांधलेल्या सुटकेसा असा एक वेगळा संच केला. फलक मैलांत, किमती पौंड-शिलिंगमध्ये. दशमान चलन १९६६ चं.

२४ ऑगस्ट

कूमा मेलचं सेशन चालवून पाहिलं. सिडनीहून रात्री निघालेली गाडी क्वीनबियनला येते, कॅनबराचे डबे इथे सुटतात, बाकीची गाडी कूमाकडे निघते. डबे सोडायचं शंटिंग चालकानेच करायचं, मी ते आपोआप होऊ दिलेलं नाही. अंधारात, हातातल्या कंदिलाच्या इशाऱ्यावर सांध्यांवरून मागे-पुढे करताना हा मार्ग समजायला लागतो.

एकेरी मार्गावर पुढच्या खंडात शिरायचा अधिकार म्हणजे स्टाफ नावाची दांडी. आपल्याकडे नील्स टोकनचा गोळा हातात आल्याशिवाय चालक निघत नसे, तसंच. प्रत्येक स्टाफ स्थानकात गाडी थांबवून किंवा सावकाश चालवून तो घेतल्याची खूण केल्याशिवाय पुढचा सिग्नल पडत नाही, असा नियम लिहिला.

क्वीनबियन सुमारे ५८० मीटरवर, कूमा ८०० च्या आसपास. नुसता फरक पाहिला तर फार नाही, पण लाइन सरळ चढत नाही. चढते, नदीकडे उतरते, परत चढते. मिकेलेगोपर्यंत बॉयलरमध्ये पाणी आणि दाब यांचा मेळ राखणं फायरमनची परीक्षा घेतं. ब्रेडबोच्या पुलावर वेगमर्यादा आहे, आणि उतारावरून येताना ती पाळायची तर ब्रेक खूप आधी लावावा लागतो. कूमा यायच्या वेळेला उजाडतं. वेळापत्रक त्या हिशेबाने बसवलं आहे.

७ सप्टेंबर

रुळजोडांचे आवाज लाकडी पुलावर वेगळे हवेत, जास्त पोकळ. बसवले. चकोला पुलाच्या उत्तरेकडच्या खांबांची उंची लायडारशी पुन्हा ताडून पाहायची आहे, पात्र १९५७ नंतर सरकलेलं दिसतं. बन्यनच्या सायडिंगचा फलक, कूमाच्या शेडमधला कोळशाचा धक्का आणि पोलो फ्लॅटची गोदामं बाकी आहेत. ती झाली की पहिली आवृत्ती बाहेर काढेन आणि निमिटाबेलच्या चढणीसाठी लायडार उतरवायला घेईन.